सायकलकट्टा: हाड जुळलं, आता सायकल जुळवायची

या महिन्यात पत्रं बरीच आलीत, पण तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली, पडल्यानंतर पुढे काय. म्हणून बाकीची पुढच्या अंकात घेतो. पहिलं पत्र मोठं आहे आणि उत्तरही मोठं झालंय, पण त्यात काही कापावंसं वाटलं नाही.

प्रश्न: नमस्कार दादा. मी नाशिकची, वय ४६, उंची ५ फूट १ इंच. गेल्या वर्षी गंगापूर रोडवर सकाळी एका उभ्या गाडीचा दरवाजा अचानक उघडला आणि मी त्यावर आदळून उजव्या खांद्यावर पडले. कॉलर बोन मोडलं, प्लेट बसवली. आता सात महिने झालेत, डॉक्टर म्हणतात हाड छान जुळलंय, सायकल चालवायला हरकत नाही. माझी जुनी रोडबाइक ॲल्युमिनियमची, शिमानो क्लॅरिस ८ गिअर, रिम ब्रेकची (ब्रेक चाकाच्या कड्याला दाबतो ती). पुढचं चाक धरणारा चिमटा वाकलाय आणि पुढच्या बाजूला हँडलच्या खाली जो तिरका पाइप असतो त्याला खालून बारीक सुरकुती आलीय. दुकानदार म्हणतो चिमटा बदलला की चालेल. मला मात्र आता स्वतः एकेक पार्ट घेऊन नवीन सायकल बांधायची आहे, डिस्क ब्रेकची, जुनी चाकं तीच लावून. घरचे म्हणतात पुरे आता. मला पुढच्या वर्षी नाशिक-पंढरपूर सायकल वारीला जायचंय. वेड्यासारखं आहे का हे? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, वेड्यासारखं अजिबात नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण मी पण २०१६ साली बोपदेव घाटात उतरताना पडलो होतो, मनगट गेलं होतं, आणि घरातलं "पुरे आता" मला शब्द न् शब्द पाठ आहे. ते काळजीतनं येतं, त्यावर भांडू नका, त्यांना सायकल बांधताना सोबत बसवा. त्यावर शेवटी बोलतो.

आधी ती सुरकुती. सायकल उलटी करा, तो तिरका पाइप हेडला, म्हणजे हँडलखालच्या उभ्या आखूड पाइपला, जिथे वेल्ड केलेला असतो तिथनं चार बोटं खाली अंगठा ठेवून हळूहळू मागे ओढत या. रंग गुळगुळीत असला तरी खाली लाट लागते अंगठ्याला, कपड्याच्या खाली शिवण लागते तशी. तुम्हाला ती डोळ्याला दिसतेय म्हणजे प्रश्नच मिटला. समोरून धडक बसली की चिमटा मागे ढकलला जातो आणि तो पाइप बरोब्बर तिथेच दुमडतो. ॲल्युमिनियम एकदा असं दुमडलं की परत सरळ करता येत नाही, केलं तरी तिथला धातू थकलेला असतो आणि तो कधी तुटेल ते सांगून तुटत नाही. तेव्हा चिमटा बदलून ती फ्रेम चालवायची नाही. कुणाला विकायची पण नाही, फुकट पण द्यायची नाही, कापून भंगारात. हे मी अगदी हात जोडून सांगतो.

हेल्मेटचं तुम्ही लिहिलं नाहीये. ज्या हेल्मेटवर पडलात ते जर अजून खुंटीला असेल तर ते पण गेलं समजा. आतलं पांढरं थर्माकोलसारखं असतं ते एकदाच दबतं, मार शोषून घेतं आणि त्याचं काम संपतं, बाहेरून ओरखडा नसला तरी. हँडल आणि त्याला चिमट्याशी जोडणारा स्टेम पण नवीन घ्या. दरवाजावर आदळलेलं हँडल मी तरी माझ्या छातीच्या खाली ठेवणार नाही.

आता जुन्यातलं काय वाचेल ते बघू, कारण सगळंच फेकायची गरज नाही आणि मला वाटतं ओळखीचं काहीतरी सायकलवर असलं की बरं पण वाटतं. सीट, तिच्या खालच्या सळ्या वाकल्या नसतील तर ठेवा. सीटपोस्टचं (सीट धरणाऱ्या नळीचं) माप नव्या फ्रेमला जुळलं तर ठेवा, नाहीतर नवीन. पायडल काढून त्याचा ॲक्सल बोटांनी फिरवा, गचके न खाता फिरला तर ठेवा. गिअरचे लीव्हर ठेवा पण उजवा उघडून बघा, पडताना तो जमिनीला लागलेला असणार. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, चालेल, आणि तो लांब पिंजऱ्याचा असेल तर ११-३४ ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच, ११ ते ३४ दात्यांचा) पण त्याला बहुतेक चालेल, ती घ्याच, वारीला चढावर उपयोगी पडेल. पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या आणि मागे ३४ म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरला पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, साधारण २.१ मीटर. खांद्याला जोर न देता बसल्या बसल्या चढता येतं.

चाकांचं मात्र जमणार नाही. तुमची जुनी चाकजोडी रिम ब्रेकची, तिचा मागचा हब (चाकाचा मधला भाग) १३० मिलीमीटरचा, त्याला डिस्क लावायला जागाच नसते. नवीन डिस्क फ्रेमला मागे बहुतेक १४२ मिलीमीटर आणि आरपार जाणारा १२ मिलीमीटरचा जाड ॲक्सल येतो. हे आधी माहीत नसलं की लोक फ्रेम घेऊन येतात आणि मग चाक हातात धरून उभे राहतात. तेव्हा चाकं नवीन. जुनं मागचं चाक फेकू नका, ते घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) लावायच्या कुठल्याही जुन्या सायकलला कामी येईल. आणि एक बारीक गोष्ट, नवीन हब ११ स्पीडचा आला तर त्यावर तुमची ८ ची कॅसेट बसते पण मागे १.८५ मिलीमीटरची एक चपटी रिंग टाकावी लागते, नाहीतर कॅसेट घट्ट केली तरी खुळखुळ हलते आणि माणूस रात्रभर कारण शोधत बसतो.

आता मुख्य मुद्दा. मी पडून बरा झाल्यावर जी सायकल बांधली ती हुबेहूब जुन्यासारखी बांधली होती. तीच साइज, तोच ११० मिलीमीटरचा स्टेम, तेच २३ मिलीमीटरचे बारीक टायर, रंग पण तोच मिळवला. मला वाटत होतं की सायकल परत तीच झाली की मी पण परत तोच होईन. झालं काय, अर्ध्या तासात मनगट भरून यायचं, खड्डा दिसला की अंग ताठ व्हायचं, आणि चार महिन्यांत ती सायकल मी विकली. नंतर जी बांधली ती मी आज जसा आहे त्या मापाची बांधली आणि ती अजून माझ्याकडे आहे. तुमची सायकल गेल्या वर्षीच्या तुमच्यासाठी बांधू नका ताई, प्लेट बसवलेल्या खांद्यासाठी बांधा.

त्याचा अर्थ काय ते सांगतो. तुमची उंची ५ फूट १. या उंचीला ७०० ची, म्हणजे रोडबाइकची नेहमीची, चाकं बसवलेल्या लहान फ्रेममध्ये एक अडचण हमखास असते, पायडल पुढे असताना हँडल वळवलं की बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. वेगात कळत नाही, कारण वेगात आपण हँडल इतकं वळवतच नाही, पण सिग्नलला हळू वळताना, गर्दीत, गेटमधून आत घेताना लागतं आणि माणूस जागच्या जागी आडवा होतो. जुन्या सायकलवर तुम्हाला याची सवय झाली असेल. आता मनात भीती असताना ते नको. म्हणून मी तुम्हाला ६५०बी ची चाकं सुचवेन, म्हणजे एमटीबीवाले (माउंटन बाइकवाले) ज्याला साडेसत्तावीस म्हणतात तीच रिम, आणि त्यावर ४२ ते ४७ मिलीमीटरचा गुळगुळीत टायर. रिम लहान असली की एवढा रुंद टायर घालूनही चाक फार मोठं होत नाही, आणि फ्रेमची भूमिती लहान उंचीला नीट बसवलेली असली तर बूट कमी लागतो. फ्रेम घेतानाच ती ६५०बी साठी केलेली आहे ना आणि एवढा रुंद टायर आत मावतो ना हे विचारून घ्या. हवा ३५ पीएसआयच्या आसपास पुरते, आणि खड्ड्याचा जो दणका सरळ कॉलर बोनला जायचा तो टायर खातो. शिवाय साडेसत्तावीसची ट्यूब तालुक्याच्या गावातल्या सायकल दुकानात पण मिळायची शक्यता बरीच, वारीच्या वाटेवर हे फार मोलाचं आहे.

क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, १७० मिलीमीटरवरून १६५ किंवा मिळाला तर १६० घ्या, गुडघा वर येताना कमी दुमडतो आणि पाठ जरा उघडी राहते. फ्रेम मी क्रोमोली स्टीलची घेईन, थोडी जड असते पण मला तिचा भरवसा वाटतो.

ब्रेक. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो आणि तुमचा दुखावलेला खांदा उजवाच. काही जण तुम्हाला सांगतील केबल अदलाबदल करा, पुढचा डावीकडे घ्या. मी नाही म्हणेन. वर्षानुवर्षांची सवय अंगात असते, आणि समोर कुत्रं आडवं आलं की डोकं विचार करत नाही, हातच दाबतो. त्यापेक्षा लीव्हर बोटाच्या जवळ आणून घ्या, त्याला आत एक छोटा स्क्रू किंवा पाचर असते, म्हणजे जोर कमी लागतो. केबलवर चालणारे मेकॅनिकल डिस्क ब्रेक घेणार असाल तर दुकानात एक वाक्य पाठ करून जा: "रोडच्या लीव्हरला चालणारे कॅलिपर द्या." कॅलिपर म्हणजे डिस्क चिमटीत पकडणारा भाग. एमटीबीचे कॅलिपर दिसायला तसेच असतात, बसतात पण, पण त्यांना केबल जास्त ओढावी लागते आणि रोडचा लीव्हर तेवढी ओढत नाही, मग लीव्हर हँडलला टेकतो तरी सायकल थांबत नाही. जूनच्या पावसात, उतारावर, हे कळायला नको. बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर थोडा वेग घेऊन हळूहळू ब्रेक दाबत जवळपास थांबेपर्यंत यायचं, असं वीसेक वेळा, तेव्हा कुठे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात. पहिल्या दिवशी ब्रेक लागत नाही म्हणून घाबरून जाऊ नका.

मापाचं. सीटची उंची काढायला अनवाणी भिंतीला टेकून उभ्या राहा, एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये सीटसारखं वर दाबून धरा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. समजा ७१ सेंटिमीटर आलं तर ६२.७, एवढं अंतर क्रँकच्या मधोमधपासून सीटच्या वरपर्यंत, सीटच्या पाइपच्या रेषेत. इथनं सुरुवात, मग मिलीमीटर मिलीमीटरने बदल. हँडलची रुंदी जुनीच घ्यायच्या आधी खांदे परत मोजून घ्या, कॉलर बोन मोडून जुळलं की खांदा कधी कधी थोडा आखूड होतो. स्टेम जुन्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटर छोटा. आणि नव्या चिमट्याचा वरचा पाइप पहिल्या दिवशी कापू देऊ नका! दुकानदार म्हणेल वाईट दिसतंय, दिसू दे. खाली-वर रिंगा टाकून ३-४ सेंटिमीटर जास्तीचा ठेवा, दोन-तीन महिने चालवा, हँडल वर-खाली करून बघा, खांदा काय म्हणतो ते ऐका, मग कापा. कापलेला पाइप परत जोडता येत नाही.

बांधायला बसाल तेव्हा. बीबीचे, म्हणजे क्रँकचा ॲक्सल ज्यात फिरतो त्या बेअरिंगचे, कप साध्या आट्यांचे असलेली फ्रेम मिळाली तर उत्तम, घरी बसवता येतात. फक्त उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होतो, आणि पायडलमध्ये डावं पायडल उलटं असतं. आटे आधी बोटांनीच फिरवायचे, निदान तीन-चार फेरे, पाना नंतर. बोटांनी फिरत नाही म्हणजे तिरकं चाललंय, जोर लावायचा नाही, काढून परत. सगळ्या आट्यांना ग्रीस. स्टेमचे बोल्ट साधारण ५ न्यूटन मीटर, त्यासाठी टॉर्क रेंच (ठरलेला जोर लागला की कट्ट वाजणारा पाना) घ्या किंवा कुणाचा तरी मागून आणा, अंदाजाने आवळू नका. हँडलच्या डोक्यावरचा जो एक बोल्ट असतो तो सायकल एकत्र धरायला नसतो, तो फक्त बेअरिंगमधला खेळ काढायला असतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, टक टक लागतंय तोवर पाव-पाव फेरा, टक टक थांबलं की थांबा, मगच स्टेमचे बाजूचे बोल्ट.

पुढचं चाक स्वतः विणून बघा असं मी आग्रहाने सांगेन. ३२ तारा, प्रत्येक तार बाकीच्या तीन तारांना ओलांडून जाते. पहिल्यांदा करताना अख्खा रविवार जातो. सायकल उलटी करून चिमट्याला दोन्हीकडे एक एक प्लॅस्टिकचा टाय बांधायचा, त्याची टोकं रिमपासून केसभर लांब ठेवायची, चाक फिरवलं की आउट कुठे आहे तिथे टोक घासतं आणि खर्र आवाज येतो. ज्या बाजूला घासतं त्याच्या विरुद्ध बाजूची तार पाव फेरा आवळायची. संध्याकाळी तारा बोटाने छेडून बघा, एकाच बाजूच्या तारांचा सूर साधारण एक लागला पाहिजे, एखादी भदभद वाजली तर ती सैल. शेवटी एकदा ओळखीच्या कारागिराकडून तपासून घ्या आणि मगच रस्त्यावर. पण ज्या दिवशी स्वतः विणलेल्या चाकावर पहिला खड्डा जातो ना, त्या दिवशी खाली काय आहे हे तुम्हाला ताराताराने माहीत असतं. माझं अंग ताठ होणं त्या चाकावर कमी झालं, औषधाने किंवा कुणाच्या समजावण्याने झालं नव्हतं.

घरच्यांना याच वेळी बसवा शेजारी. कुणी तारा मोजून द्याव्या, कुणी टॉर्क रेंचचा कट्ट आवाज ऐकावा. माझ्या आईने माझ्या सायकलचे सगळे बोल्ट बसवताना बघितले आणि तिचं "सायकल नको" हे "रात्रीची नको" वर आलं.

रस्त्यावर यायच्या आधी डॉक्टरांना नुसतं "सायकल चालवू का" असं विचारू नका, "हातावर वजन टाकून तास दोन तास बसू का, आणि परत पडले तर प्लेटचं काय" असं विचारा. घरात भिंतीला हात टेकून ढकलून बघा, उजव्या खांद्यावरून मागे वळून बघता येतं का बघा, ते आलं पाहिजे, ट्रॅफिकमध्ये ते लागतंच. मग आधी ट्रेनर, मग घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर रविवारी पहाटे, मग त्र्यंबक रोड. गंगापूर रोडला घाई नाही, पण टाळत पण बसू नका, पहिल्यांदा जाताना कुणाला तरी सोबत घ्या.

आणि दरवाजे. उभ्या गाड्यांपासून एका उघड्या दरवाजाएवढं, मीटर-सव्वा मीटर अंतर सोडूनच चालवायचं, मागचा हॉर्न वाजवू दे. घरात ज्यांना गाडी चालवता येते त्या सगळ्यांना डच लोकांची एक सवय लावा: ड्रायव्हरने दरवाजा उजव्या हाताने उघडायचाच नाही, डाव्या हाताने उघडायचा. डावा हात उजवीकडे न्यायचा म्हटलं की अंग आपोआप वळतं आणि नजर आरशात आणि मागे जाते. माझ्या मुलीला गाडी शिकवताना क्लचच्या आधी मी हे शिकवलं.

प्रश्न: माझ्या क्रोमोली सायकलला सिग्नलवर मागून रिक्षाने ठोकलं. मी वाचलो, मागचं चाक पिचलं. फ्रेम वरून ठीक दिसते. तीच फ्रेम ठेवून बाकी सगळं नवीन बांधायचं म्हणतोय, पण फ्रेम वाकली नाहीये हे घरी कसं कळणार? — कोल्हापूर

उत्तर: दोऱ्याने कळेल. मागचं चाक काढा. जिथे चाक बसतं त्या एका बाजूच्या खाचेला दोरा बांधा, तो पुढे हेडच्या पाइपला वळसा घालून परत मागे दुसऱ्या बाजूच्या खाचेत आणून ताणून बांधा. आता दोरा सीटच्या पाइपच्या दोन्ही बाजूंनी जातोय. स्टीलच्या पट्टीने दोन्हीकडचं अंतर मोजा, पाइप आणि दोरा यातलं. १-२ मिलीमीटरचा फरक बऱ्याच नव्या फ्रेममध्ये पण असतो, त्याचं काही नाही. ५-६ आला तर मागचा भाग एका बाजूला सरकलाय. दोरा घरातला शिवणाचा चालेल पण लोकरीचा नको, तो ताणतो आणि माप फसवतं.

तुमचं नशीब हे की फ्रेम स्टीलची आहे. स्टील थोडं वाकलं असेल तर जाणता कारागीर थंडच दाबून जागेवर आणतो. ॲल्युमिनियम असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण सरळ करायला नेण्याआधी वेल्डच्या जोडांवर, विशेष करून मागच्या दोन बारीक दांड्या बीबीला मिळतात तिथे, कपड्याने पुसून चांगल्या उजेडात बघा. रंगाला केसासारखी रेघ गेली असेल आणि त्यातून गंजाचा तांबूसपणा दिसत असेल तर खाली तडा आहे. मग सरळ करून उपयोग नाही. आणि डिरेलर ज्याला टांगतो तो कान पण तपासून घ्या, मागून मार बसला की तो बऱ्याचदा आत वळतो, आणि नवीन गिअर लावून पण चेन उड्या मारत राहते.

प्रश्न: मित्र पडला, त्याची कार्बन सायकल "फक्त खरचटलीय". फ्रेम आणि चिमटा मला अगदी स्वस्तात देतोय. यावर नवीन बिल्ड करू का? — पुणे

उत्तर: चिमटा नाही, कुठल्याही किमतीत नाही. तो तुटला तर सांभाळायला वेळच मिळत नाही. फ्रेमचं म्हणाल तर आधी वरच्या आडव्या दांडीच्या दोन्ही बाजू बघा, पडताना हँडल गर्रकन फिरून तिथेच आदळतं. नाण्याने टक टक करत दांडीभर जा, आवाज एकसारखा खणखणीत पाहिजे, एखाद्या जागी थप असा बसका आला तर आतले थर सुटलेत. पण आवाज चांगला आला म्हणजे फ्रेम चांगली असं मात्र होत नाही, अल्ट्रासाउंडने तपासल्याशिवाय कुणी छातीठोक सांगू शकत नाही. तो तपासणीचा खर्च मित्र करणार असेल आणि कागद हातात देणार असेल तर पुढे बोला. नाहीतर त्याच्याकडून कॅसेट, डिरेलर, सीट एवढं घ्या, ते तपासून बसवता येतं.